सोनोग्राफीत 'ग्रेड १ फॅटी लिव्हर' आलंय? जुनी फाईल एकदा बाहेर काढा

गावचा_डॉक्टर · ७ मार्च, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी माझी २२ वर्षांची जनरल प्रॅक्टिस आहे. गेल्या महिन्यात जे घडलं ते डोक्यातून जात नाही म्हणून लिहायला बसलो.

आमचे एक आप्पा आहेत, वय ५८, गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी वारी, आयुष्यात दारूचा थेंब नाही की मटणाचा तुकडा नाही. शुगर नऊ-दहा वर्षांची, गोळ्या माझ्याकडूनच चालू. अंगाने काटक, वजन ६४ किलो, पोट तेवढं पुढे. गेल्या महिन्यात पहाटे रक्ताची उलटी झाली, पोरांनी गाडीत घालून जिल्ह्याच्या गावाला नेलं, दुर्बीण टाकली तर अन्ननलिकेतल्या शिरा फुगून एक फुटलेली, तिथे रबर बँड टाकले. सोनोग्राफीत लिव्हर आकसलेलं, पांथरी वाढलेली. सिरॉसिस, म्हणजे व्रण पडत पडत सगळं लिव्हर घट्ट झालेलं. जीव वाचला, पण गावात कुजबुज सुरू झाली की माळकरी होता पण चोरून घेत असणार. त्यांची बायको माझ्याकडे येऊन रडली, म्हणाली डॉक्टर, ह्यांनी उभ्या जन्मात हात लावला नाही, आता मी लोकांना काय सांगू.

त्या रात्री मी त्यांची फाईल काढली. चार वर्षांपूर्वी मीच सोनोग्राफी करायला लावली होती, पोट गच्च वाटतं म्हणत होते. 'ग्रेड १ फॅटी लिव्हर'. मी काय सांगितलं होतं तेही माझ्याच अक्षरात आहे: तेलकट कमी करा. त्याच आठवड्यातले रक्ताचे रिपोर्ट खालीच टाचलेले होते. एसजीओटी ५०, एसजीपीटी ४२ (लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारे दोन घटक), प्लेटलेट १ लाख ४८ हजार. तेव्हा मी एसजीपीटी बघितला, ४२ म्हणजे दोनच पॉइंट वर, काही नाही म्हटलं आणि पान उलटलं.

फिब-४ नावाचा एक हिशोब आहे, वेगळी तपासणी लागत नाही, खर्च शून्य. वय गुणिले एसजीओटी, त्याला भागायचं प्लेटलेट गुणिले एसजीपीटीच्या वर्गमुळाने. प्लेटलेट हजारात घ्यायच्या, म्हणजे १ लाख ४८ हजार असेल तर १४८. आप्पांचं वय तेव्हा ५४. ५४ गुणिले ५० म्हणजे २७००. ४२ चं वर्गमूळ ६.४८, गुणिले १४८ म्हणजे ९५९. उत्तर २.८१.

१.३ च्या आत असेल तर लिव्हरमध्ये पुढच्या टप्प्याचा व्रण (फायब्रोसिस, जखम भरून येताना लिव्हर घट्ट होत जाणं) असण्याची शक्यता फार कमी, २.६७ च्या वर असेल तर तज्ज्ञाकडे पाठवायचंच, मधे असेल तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती घट्ट झालंय ते मोजणारी तपासणी, करून बघायचं. आप्पांचा आकडा चार वर्षं माझ्याच कपाटात २.८१ होता. तेव्हा कळलं असतं तर शिरा फुटायच्या आधी दुर्बीण झाली असती.

माझ्यासारखे फॅमिली डॉक्टर इथे असतील, पेशंट तर सगळेच आहेत. तुमच्याकडे हे कसं बघतात ते लिहा.

---

मंजिरी_चिंचवड · ८ मार्च, सकाळी ७:४५

डॉक्टर, वाचून पोटात गोळाच आला. आमच्या मिस्टरांना दिवाळीच्या सुमारास मुतखड्याचा त्रास झाला म्हणून सोनोग्राफी केली त्यात ग्रेड २ फॅटी लिव्हर आलं होतं, खडा पडून गेला आणि ते आम्ही विसरूनच गेलो. आता रिपोर्ट शोधला. वय ४६, एसजीओटी ३८, एसजीपीटी ६२, प्लेटलेट २ लाख १० हजार. तुमच्या आप्पांना ग्रेड १ असून एवढं झालं तर ग्रेड २ म्हणजे किती वाईट? आणि एसजीपीटी तर ह्यांचा जास्तच आहे. प्लीज सांगा, हे ऑफिसला गेलेत, मी कधीची रिपोर्ट घेऊन बसलेय.

---

गावचा_डॉक्टर · ८ मार्च, दुपारी २:३०

मंजिरीताई, आधी शांत व्हा. हिशोब करू. ४६ गुणिले ३८ म्हणजे १७४८. ६२ चं वर्गमूळ ७.८७, गुणिले २१० म्हणजे १६५३. उत्तर १.०६. १.३ च्या आत आहे, म्हणजे आज तरी मोठा व्रण असण्याची शक्यता कमी.

ग्रेडबद्दल बोललात ते फार बरं झालं कारण सगळा घोळ तिथेच होतो. सोनोग्राफीतला ग्रेड म्हणजे लिव्हर पडद्यावर किती पांढरं दिसतंय तेवढंच. चरबी किती आहे त्याचा तो अंदाज, तोही बघणाऱ्याच्या नजरेवर. व्रण किती पडलाय हे त्यातून कळत नाही. उलट व्रण वाढत जातो तशी चरबी कमी होत जाते, म्हणून ग्रेड १ वाला ग्रेड २ वाल्यापेक्षा पुढे गेलेला असू शकतो. आणि चरबी थोडी असेल, वीस-तीस टक्क्यांच्या खाली, तर सोनोग्राफीत दिसतही नाही.

एसजीपीटीचंही तसंच. तो एकटा बघून काही ठरत नाही. व्रण वाढायला लागला की बऱ्याचदा एसजीपीटी खाली येतो आणि एसजीओटी त्याच्यावर चढतो. लिव्हर घट्ट झाल्यामुळे रक्त मागे तुंबतं, पांथरी फुगते, फुगलेली पांथरी प्लेटलेट धरून ठेवते, म्हणून रक्तात त्या कमी दिसतात. वय, एसजीओटी, प्लेटलेट हे तिन्ही त्या हिशोबात का आहेत ते लक्षात आलं असेल.

पण ताई, १.०६ वर निर्धास्त होऊ नका. मिस्टरांचं पोट, बीपी, उपाशीपोटीची शुगर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) एवढे पाच आकडे टाका. फॅटी लिव्हरवाल्याला सगळ्यात जास्त धोका लिव्हरपेक्षा हृदयाचा असतो, आणि तो या पाच आकड्यांत दिसतो.

---

नगरी_लॅबवाला · ८ मार्च, रात्री ९:०५

डॉक्टरसाहेब, धागा वाचनखुणेत टाकला. मी लॅब टेक्निशियन, १४ वर्षं रक्त काढतोय, अहिल्यानगरला. माझ्या बाजूने दोन-तीन गोष्टी सांगतो कारण लोक आता घरोघरी कॅल्क्युलेटर घेऊन बसणार.

प्लेटलेट. आमच्या रिपोर्टवर कुठे १.४८ लाख छापतात कुठे १४८००० छापतात, मोबाईलवरच्या कॅल्क्युलेटरला १४८ हवं असतं. कुणी १.४८ टाकलं तर उत्तर थेट २८१ येतं आणि माणूस घाबरून मरतो. दुसरं, काही लोकांचं रक्त त्या जांभळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये गुठळ्या धरतं, मशीन त्या गुठळीला एक मोजतं आणि प्लेटलेट खोट्याच कमी दाखवतं, तेव्हा स्लाइडवर बघायला सांगा किंवा निळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये परत काढायला सांगा. तिसरं, रक्त काढताना ओढाताण झाली आणि लाल पेशी फुटल्या की एसजीओटी वाढून येतो. आणि डेंगी, कावीळ, कसलाही मोठा ताप होऊन गेल्यावरच्या रिपोर्टवर हा हिशोब करूच नका, डेंगीत प्लेटलेट खाली आणि एसजीओटी वर असतोच, उत्तर भलतंच येणार. माणूस ठणठणीत असतानाचे आकडे घ्या, तिन्ही एकाच वेळचे.

रिपोर्टवर एसजीपीटीची नॉर्मल रेंज ४० च्या आसपासपर्यंत छापलेली असते त्यामुळे ३८ आला की कुणी बघत नाही. ती रेंज काढताना ज्यांना धडधाकट धरलं त्यांच्यातच अनेकांना फॅटी लिव्हर असणार असं आमचे पॅथॉलॉजिस्ट सांगतात. बायकांत २५ आणि पुरुषांत ३०-३३ च्या पुढे गेला की ते स्वतः त्या डॉक्टरला फोन करतात.

---

मंजिरी_चिंचवड · ९ मार्च, रात्री १०:२०

आकडे घेतले. बीपी आज शेजारच्या काकांच्या मशीनवर दोनदा मोजलं, १३८/८८. उपाशीपोटी शुगर १०८. ट्रायग्लिसराइड २३८. एचडीएल ३६. पोट शिवणाच्या टेपने मोजलं, १०२ सेंटीमीटर. हे म्हणतात माझी पॅंट ३६ ची आहे, १०२ कसं होईल, आमचं त्यावरून भांडण झालं. वजन ८४, उंची ५ फूट ७.

---

गावचा_डॉक्टर · १० मार्च, सकाळी ६:५०

ताई, पॅंट पोटाच्या खाली नेसली जाते म्हणून तिचा नंबर कधीच धरायचा नाही. टेप शेवटच्या बरगडीच्या आणि कमरेच्या हाडाच्या बरोबर मधे, शर्ट वर करून, श्वास सोडल्यावर. आपल्या लोकांना पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटीमीटर ही हद्द.

बाकीच्या हद्दी सांगतो. बीपी १३०/८५ किंवा वर, उपाशी शुगर १०० किंवा वर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, एचडीएल पुरुषात ४० च्या आत, बाईत ५० च्या आत. पाचांपैकी तीन आले की मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. मिस्टरांचे पाचच्या पाच आहेत. यातला एकेक आकडा सुटा दाखवला तर कुठलाही डॉक्टर, मीसुद्धा, म्हणालो असतो की जरासं वाढलंय, बघू पुढच्या वेळी. शुगर १०८ ला गोळी नाही, बीपी १३८ ला गोळी नाही, असं करत करत माणूस पन्नाशीत अटॅक घेऊन येतो. पाचही एका ओळीत लिहायला लागल्यापासून माझी नजर बदलली. आता पस्तिशी ओलांडलेल्या प्रत्येक पेशंटच्या केसपेपरवर वरच्या कोपऱ्यात ती ओळ असते. मानेमागे काळपट मखमलीसारखी कातडी दिसली की वय न बघता टेप काढतो, ती मळाची नसते, इन्सुलिन वाढल्याची खूण असते, पोरं घासून घासून दमतात.

एक गोष्ट मोकळेपणाने विचारतो, रागावू नका. दारू?

---

मंजिरी_चिंचवड · १० मार्च, सकाळी ९:१५

रागवायचं काय. शनिवारी मित्रांबरोबर एक क्वार्टर, कधी रविवारीही. आधी फॉर्मवर 'ऑकेजनल' असंच लिहिलं होतं.

---

गावचा_डॉक्टर · १० मार्च, दुपारी ३:००

सगळे तेच लिहितात. म्हणून मी 'घेता का' असं विचारणं सोडलं, किती बाटली, कुठली, कितीदा असं विचारतो. ६० एमएलच्या व्हिस्कीत साधारण २० ग्रॅम अल्कोहोल असतं, क्वार्टर म्हणजे ६० ग्रॅम. ६५० एमएलची स्ट्राँग बिअर म्हणजे ४० ग्रॅम, तिला लोक दारूच समजत नाहीत. आठवड्याला पुरुषात २१० आणि बाईत १४० ग्रॅमच्या आत असेल तर कागदावर तो चयापचयाचा फॅटी लिव्हर धरतात. पण पाचही आकडे बिघडलेल्या माणसाच्या लिव्हरला एका बैठकीत ६० ग्रॅम देणं म्हणजे दोन्हीकडून मार. बंद केलेलं बरं.

याच्यावरून आठवलं, या आजाराला पूर्वी 'नॉन-अल्कोहोलिक' म्हणायचे, २०२३ मध्ये जगभरातल्या लिव्हरच्या संस्थांनी मिळून नाव बदललं, आता मास्ल्ड म्हणतात, चयापचय बिघडल्यामुळे लिव्हरमध्ये साठणारी चरबी असा त्याचा अर्थ. आप्पांच्या घरी जाऊन मी हेच बोललो. दारात चार लोक बसलेले होते, सगळ्यांसमोर सांगितलं की हा आजार साखरेचा आणि पोटाचा आहे, माळेला बट्टा लागलेला नाही.

---

सडपातळ_कोकणी · १० मार्च, रात्री ११:४०

मला एक कळत नाही, माझा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२ आहे, सगळे म्हणतात काडी आहेस, तरी कंपनीच्या चेकअपमध्ये फॅटी लिव्हर. रिपोर्ट चुकला असेल का? जाड माणसांचा आजार ना हा?

---

गावचा_डॉक्टर · ११ मार्च, सकाळी ७:०५

चुकला नसेल दादा. आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघे शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काटा तोच, चरबी दुपटीहून जास्त. याज्ञिकांच्या टीमने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला, त्यात दिसलं की आपली बाळं जन्मतः वजनाने कमी, स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने राखून असलेली. आपलं शरीर चरबी कातडीखाली कमी आणि आत, पोटात, लिव्हरभोवती जास्त ठेवतं. म्हणून वजनाच्या काट्यावर विश्वास ठेवू नका, टेप लावा आणि ट्रायग्लिसराइड बघा. बारीक माणसात हिपॅटायटिस बी आणि सी, थायरॉइड, आणि स्टिरॉइडसारखी चालू औषधं हेही एकदा बघून घ्यायचं.

---

उपकेंद्र_यवतमाळ · ११ मार्च, रात्री ८:३०

डॉक्टरसाहेब, मी समुदाय आरोग्य अधिकारी आहो, आयुष्मान आरोग्य मंदिरात. आमच्या आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म (आजाराचा धोका मार्कांनी मोजायचा) भरते, त्यात कमरेचं माप असते. बाईचं ८० पर्यंत शून्य मार्क, ९० पर्यंत एक, त्याच्या वर दोन. पुरुषाचं ९० आणि १००. तंबाखू, दारू, व्यायाम, घरचा इतिहास सगळं धरून बेरीज ४ च्या वर गेली की आधी तपासणीला बोलवतो. केंद्राच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात फॅटी लिव्हर २०२१ मध्येच घेतलं, २०२४ मध्ये सुधारित सूचना पण आल्या. कागदावर सगळं आहे.

अडचण कुठे येते सांगतो. बाया नऊवारी-सहावारीत येते, निऱ्यांवरून टेप लावला की पाच-सात सेंटीमीटर फुकटचे वाढते, आणि आशाताईला निऱ्या सोडायला सांगायची लाज वाटते. म्हणून आता अंदाजे ८० लिहून टाकणं बंद केलं, पडदा लावला, बायांचं माप सिस्टरच घेते. दोन महिन्यांत फॉर्मवरचे आकडे बदलून गेले. आणि प्लास्टिकचा टेप वापरून वापरून ताणते, आमचा जुना टेप स्टीलच्या पट्टीला लावून बघितला तर तीन सेंटीमीटर लांबला होता, म्हणजे तीन सेंटीमीटर कमी दाखवत होता.

---

गावचा_डॉक्टर · ११ मार्च, रात्री ९:१५

ताणलेल्या टेपचं माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. उद्या माझा तपासतो. मनापासून धन्यवाद.

---

निसर्गप्रेमी५२ · १२ मार्च, सकाळी १०:००

गुळवेलीचा काढा रोज सकाळी घ्या, शिवाय बाजारात लिव्हर टॉनिक मिळतं, माझ्या साडूचं तीन महिन्यांत साफ झालं. अॅलोपथीच्या मागे लागू नका.

---

गावचा_डॉक्टर · १२ मार्च, दुपारी १:४५

काका, साडूंना बरं वाटलं याचा आनंदच आहे. पण गुळवेलीबद्दल सावध राहा. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईच्या लिव्हरतज्ज्ञांनी २०२१ मध्ये छापलं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, वाद झाला, तरी ज्याचं लिव्हर आधीच नाजूक आहे त्याला मी तरी घेऊ देणार नाही. आणि टॉनिकचा खरा तोटा वेगळाच आहे, बाटली सुरू झाली की माणसाला वाटतं उपचार चालू आहे. मग पोट, शुगर, प्लेटलेट कुणी बघत नाही. मी स्वतः वर्षानुवर्षं तीच बाटली लिहून देत आलो, आप्पांनाही दिली होती.

उलट जी गोळी चालू ठेवायची ती लोक बंद करतात. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन लिव्हर खराब करते असा समज आहे, फॅटी लिव्हरमध्ये ती चालते, आणि हृदय वाचवायचं तर बऱ्याच जणांना लागतेच. आपल्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.

---

मंजिरी_चिंचवड · १२ मार्च, दुपारी ४:१०

खायचं काय ते सांगा ना. मी चार दिवस झाले फोडणीत एक चमचा तेल टाकतेय, घरात सगळे वैतागलेत.

---

गावचा_डॉक्टर · १२ मार्च, रात्री १०:३०

तेलाचा हात आखडला ते ठीक, पण दिवसाचे चहा मोजा. पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ४० ते ५० ग्रॅम साखर नुसती चहातून. वर खारी, बटर, टोस्ट, सगळा मैदा. लिव्हर जास्तीच्या साखरेपासून स्वतःच चरबी तयार करतं, म्हणून तळण न खाणाऱ्यालाही हा आजार होतो, आप्पांच्या ताटात तेल कमीच असायचं, पण आमटी-भाताचा डोंगर, वर गुळाचा खडा, आणि उपासाला साबुदाण्याची खिचडी, तीही एकादशीसह आठवड्यातून दोनदा.

आधी साखर अर्धी करा, मग पाव. भाकरी-भाजी-उसळ-ताक आहे तेच, भात एक वाटी. रात्रीचं जेवण साडेदहावरून आठवर आणा. जेवल्यावर वीस-पंचवीस मिनिटं चालणं. वजनाचा हिशोब असा की ५ टक्के उतरलं तर चरबी कमी होते, ७ ते १० टक्क्यांत सूज उतरते, १० च्या पुढे व्रणही मागे हटू शकतो. ८४ किलोला ७ टक्के म्हणजे सहा किलो. उपाशी राहून महिन्यात उतरवू नका, सहा महिने घ्या. अमेरिकेत २०२४ आणि २०२५ मध्ये यासाठी दोन औषधांना मान्यता मिळाली, पण ती मध्यम ते पुढच्या टप्प्याच्या व्रणासाठी, मिस्टरांचा तो विषय नाही.

---

मंजिरी_चिंचवड · १८ जुलै, रात्री ९:५०

धागा वर काढतेय. चार महिने झाले. वजन ७८.५. पोट ९५, भांडण न होता मोजलं. ट्रायग्लिसराइड १६४, एसजीपीटी ३७, उपाशी शुगर ९८, बीपी १२८/८२. एचडीएल मात्र ३८, फार हलला नाही. शनिवारची बैठक अजून होते पण हे ताकाचा ग्लास घेऊन बसतात. पहिला महिना फार चिडचिड झाली, खोटं कशाला बोलू, बिनसाखरेच्या चहावरून सासूबाई माझ्याशी दोन दिवस बोलल्या नव्हत्या. आता त्यांनी स्वतःचंच पोट मोजून घेतलंय, ९१.

---

नगरी_लॅबवाला · १८ जुलै, रात्री १०:१५

जबरदस्त ताई! सासूबाईंचं रक्त काढाल तेव्हा सीबीसी (प्लेटलेट त्यातच येतात) आणि एसजीओटी, एसजीपीटी एकाच दिवशी करा. वय ६५ च्या पुढे असेल तर खालची हद्द १.३ नाही, २ धरायची, नाहीतर उगाच घाबराल.

---

गावचा_डॉक्टर · १९ जुलै, सकाळी ६:४०

ताई, फार बरं वाटलं. एचडीएल सगळ्यात उशिरा हलतो, चालणं सोडू नका.

आप्पांचं विचारताय बरेच जण व्यनितून (खाजगी निरोपातून). बरे आहेत. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, कारण सिरॉसिसमध्ये लिव्हरला कॅन्सरची गाठ होत नाही ना यावर लक्ष ठेवावं लागतं, दुर्बिणीला दोनदा जाऊन आले. यंदा पायी वारी नाही जमली, एसटीने पंढरपूरला जाऊन दर्शन घेऊन आले. घरात हा आजार असला की जवळच्या रक्ताच्या लोकांत शक्यता वाढते म्हणून दोन्ही पोरांना बोलावून घेतलं होतं. थोरला ३६ चा, पोट ९८, फिब-४ ०.९. धाकटा ३१ चा, मानेमागे ती काळी रेघ, पोट १०४. पस्तिशीच्या आत हा हिशोब विश्वासाचा नाही म्हणून त्याला फायब्रोस्कॅनला पाठवलं, ९.२ आलं. ८ च्या आत हवं होतं. पुढच्या मंगळवारी त्याला घेऊन मी स्वतः तज्ज्ञांकडे जातोय.